धुतलेली हवा

रमाकांत चेंदवणकरला आयुष्यात एकच गोष्ट येत होती आणि ती फार चांगली येत होती, सगळा घोटाळा तिथेच होता. ज्याला सगळंच थोडं थोडं येतं तो चार जणांना विचारून चालतो. रमाकांतने कोणाला काही विचारल्याचं त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं.

तो हवेचा माणूस. परळच्या एका कापडगिरणीत त्याने सत्तावीस वर्षं हवा सांभाळली. कागदावर त्याच्या खात्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, कामगार नुसतं 'प्लँट' म्हणायचे. बाहेरची हवा मोठमोठ्या पंख्यांनी ओढायची, पाण्याच्या फवाऱ्यांतून काढायची, आणि ती ओली गार हवा साचाखात्यात सोडायची, म्हणजे जिथे माग चालायचे तिथे. रमाकांत तिला धुतलेली हवा म्हणायचा. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, सूत तुटलं की माग थांबतो आणि माग थांबला की वरचे साहेब खाली येतात. म्हणून साचाखात्यातली एक खिडकी उघडायची कोणाची टाप नव्हती. एकदा मे महिन्यात शिवा नावाच्या विणकराने जीव घुसमटतो म्हणून वीतभर फट केली होती. रमाकांतने स्वतः जाऊन मास्तरांना सांगितलं आणि शिवा चार दिवस घरी बसला. यात आपलं काही चुकलं असं रमाकांतला तेव्हा वाटलं नाही, नंतरही कधी वाटलं नाही. हवा सुतासाठी होती, माणसं तिच्यात योगायोगाने उभी होती, आणि ही साधी गोष्ट सत्तावीस वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात शिरली नाही.

आता त्याच्या बायकोचं ऐका. कालिंदी लग्न होऊन कुडाळकडून आली ती लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, आणि वर्षाच्या आत तिने खानावळ धरली. गावाकडचे एकटे राहणारे बारा कामगार तिच्याकडे दोन्ही वेळा जेवायचे. रॉकेलचे दोन स्टोव्ह पहाटेपासून भकभकायचे, तव्यावर बांगडे तडतडायचे, आणि त्या धुराला दाराशिवाय दुसरी वाट नव्हती. कालिंदीने नवऱ्याला एकदाच विचारलं होतं, की तुम्हाला तर येतं सगळं, भिंतीला भोक पाडून एक पंखा बसवता का. रमाकांत म्हणाला, पंख्याने स्टोव्ह विझतो. झालं, विषय मिटला. बाराशे मागांना हवा पुरवणाऱ्या माणसाची बायको तीस वर्षं पदर तोंडाला धरून खोकत राहिली.

पुढे गिरणी बंद पडली. चाळही पडली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. चेंदवणकरांना पंधराव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मुलगा वैभव डोंबिवलीला राहायचा, रविवारी यायचा. कालिंदीला सदुसष्टावं लागलं तेव्हा स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायला तिला वाटेत एकदा बसावं लागत होतं. परळच्या छातीच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सरळ सांगितलं, की फुप्फुसं अर्धीअधिक गेलेली आहेत, गेलेलं परत येत नाही, उरलंय ते जपा. घरात मोकळी, स्वच्छ, वाहती हवा हवी. धूर नको, धूळ नको, ओल नको.

सांगणं सोपं होतं. डिसेंबर लागला होता, आणि त्यांच्या इमारतीच्या चहूबाजूंना चार नवे टॉवर वर चढत होते. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल इतका सिमेंटचा थर बसायचा. खिडकी उघडावी तर ते सगळं छातीत, लावावी तर घुसमट. वैभवने हे बघितलं आणि घरातली हवा सुधारून देणाऱ्या दादरच्या एका कंपनीला फोन लावला.

कंपनीकडून मनवा नावाची इंजिनिअर आली. पंचविशीची असेल. तळहाताएवढं हवा मोजायचं मीटर घेऊन ती दोन्ही खोल्यांतून फिरली आणि मग कालिंदीशेजारी बसून तिने सगळं नीट समजावलं. एका खिडकीत गाळणीचा पंखा लावायचा, तो बाहेरची हवा धूळ गाळून आत घेईल. स्वयंपाकघर आणि बाथरूममधले पंखे आतली हवा बाहेर टाकतील. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर गेली पाहिजे, आणि घरातला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कालिंदी मान हलवत होती. तिला सगळं कळत होतं.

रमाकांतने मध्येच विचारलं, तू आजवर केवढं शेड चालवलंयस. मनवाला प्रश्नच कळला नाही, ती हसली. ते हसणं रमाकांतला झोंबलं.

"बाराशे मागांना हवा दिलीय मी," तो म्हणाला. "ह्या दोन खोल्यांचं मला तू शिकवणार?"

वैभवने मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण बापासमोर त्याचं कधीच काही चाललेलं नव्हतं. मनवाने मीटर पिशवीत टाकलं. जाता जाता ती कालिंदीला हळूच म्हणाली, की काकी, निदान किचनचा पंखा तेवढा चालू ठेवत जा.

मग रमाकांत कामाला लागला. लोहार चाळीच्या बाजारातून त्याने पंखा आणला, कुठून कुठून वाळ्याच्या ताट्या, पत्र्याची परात, कूलरमध्ये असतो तसला छोटा पंप. हॉलच्या खिडकीची एक काच काढून तिथे प्लायवूड बसवलं, त्यात पंखा, पंख्यापुढे ताट्या, ताट्यांवर सतत पाणी. बाकीच्या खिडक्यांच्या फटींत त्याने रबराच्या पट्ट्या ठोकल्या. गिरणीच्या शेवटच्या दिवशी सदऱ्यात गुंडाळून आणलेलं दोन काचांचं दमटपणा मोजायचं यंत्र त्याने देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगलं. गिरणीत आकडा पंचाहत्तर ठेवायचे, म्हणून इथेही पंचाहत्तर. स्वयंपाकघरातला पंखा सुरू केला की आकडा खाली यायचा, तेव्हा त्याने त्या पंख्यावर पत्रा मारून टाकला.

सत्तरीला टेकलेला माणूस स्टुलावर उभा राहून खिळे ठोकत होता आणि खाली कालिंदी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती. मध्येच तिला धाप लागायची, पण तिने स्टूल सोडलं नाही. ती सुखात होती, हे सांगितलंच पाहिजे. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने स्वतःच्या हाताने तिच्यासाठी केलेली ही पहिली वस्तू होती. तिने कुडाळच्या बहिणीला फोन करून ते दोनदा सांगितलं.

पंखा-पाण्याचं ते यंत्र सुरू झालं त्या दिवशी मजल्यावरची सगळी माणसं बघायला आली. सोसायटीचा सेक्रेटरी हेरंब याने नारळ फोडला. गार वारा अंगावर येत होता, वाळ्याचा वास दरवळत होता, कट्ट्यावर धुळीचा कण नव्हता. बायका कालिंदीला म्हणाल्या, की काकी, नशीब काढलंत. रमाकांत धुतलेल्या हवेबद्दल पाऊण तास बोलला, आणि कालिंदी त्याच्याकडे बघत होती तसं तिने त्याच्याकडे लग्नातही बघितलं नसेल.

चार दिवस खरोखरच बरे गेले. पाचव्या दिवसापासून मीठ ओघळू लागलं. पापड मऊ पडले, कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला, फोडणीचा धूर घरातच फिरत राहिला. रमाकांतला यात काहीच वावगं दिसत नव्हतं, उलट दमटपणा बरोबर बसतोय अशी त्याची खात्री पटत होती. कालिंदीचा खोकला मात्र बदलला. आधी तो कोरडा होता, आता खालून, ओला, खरवडून काढल्यासारखा यायला लागला. रोज सकाळी रमाकांत आधी देव्हाऱ्याशेजारचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि मग बायकोकडे वळायचा.

"काय गो, कसां वाटता?"

"बरां वाटता," ती म्हणायची.

तो तेही वहीत लिहायचा.

एकच गोष्ट त्याला सतावत होती. दुपारी तीन ते पाच तो निवृत्त गिरणी कामगारांच्या बैठकीला युनियनच्या ऑफिसात जायचा, आणि परत येऊन बघावं तर आकडा पंचाहत्तरावरून साठाला आलेला असायचा. त्याने आणखी पट्ट्या ठोकल्या. दाराच्या खाली फेल्ट लावलं. तरी तेच. कुठून गळतंय ते धरायचंच म्हणून फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो अर्ध्या तासातच परत आला.

दार उघडं होतं. यंत्र बंद होतं. घरात कोणी नव्हतं.

पंधराव्या मजल्याच्या टोकाला एक मोठी मोकळी जागा होती, भिंती नसलेली, नुसता कठडा असलेली. आग लागली तर माणसांनी जमायची जागा. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर कालिंदी बसली होती. तिच्या बाजूला शेजारच्या घरातली श्रेया लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. समोर बांधकामाची धूळ उडत होती, खालून गाड्यांचा धूर येत होता, आणि त्या सगळ्या घाणीत कालिंदी डोळे मिटून, तोंड उघडून श्वास घेत होती, आणि तो श्वास तिला पुरत होता. रमाकांतने हे बघितलं. हवेतलं त्याला कळत होतं, त्यामुळे आपण काय बघतोय हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

श्रेया उठून उभी राहिली. तिने सांगून टाकलं, की काकी महिनाभर रोज इथे येऊन बसतात. तुम्ही यायच्या आधी यंत्र सुरू करून ठेवायचं असतं, ते मी करते. मी वैभवदादाला फोन करणार होते, पण काकींनी गळ्याची शपथ घातली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणाल्या.

म्हणजे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. ज्या बायकांनी नशीब काढलंत म्हटलं, त्याच रोज दुपारी हिला खुर्ची आणून देत होत्या. रमाकांतच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच. बायको गुदमरतेय हे दुसऱ्यांदा आलं, आणि दुसऱ्यांदा आलेल्या गोष्टीला त्याच्या मनात फारशी जागा उरली नव्हती.

तो ओरडला नाही. घरी आल्यावर त्याने यंत्र लावलं, दार लावलं आणि तिच्यासमोर बसला.

"चार लोकांत माझां नाक कापलंस," तो म्हणाला. "दारां उघडी टाकून जातंस तर हवा बसतली कशी? आठ दिवस भायर पाय घालू नको. आठ दिवसांत फरक पडलो नाय तर मी हाताने काढून टाकतंय."

आठ दिवस म्हणजे काय, हे कालिंदीच्या छातीला माहीत होतं. पण त्याचा चेहरा उतरलेला होता आणि तो तिला बघवेना. तिने बरं म्हटलं.

रमाकांतने बैठकीला जाणं बंद केलं. तो दिवसभर घरात बसून आकडा बघायचा. चौथ्या दिवशी कोपऱ्यातली फट बुजवायला त्याने लोखंडी कपाट पुढे ओढलं. मागची भिंत गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळी होती. नव्या इमारतीची नवी भिंत, आणि तिच्यावर मखमलीसारखी दाट बुरशी. मग त्याने फिनेलच्या फडक्याने हात पोचेल तेवढं पुसलं आणि कपाट जागच्या जागी ढकललं. आतल्या खोलीतून कालिंदीने विचारलं, की काय झालं. काही नाही, म्हणाला.

सहाव्या दिवशी सकाळी तिचे ओठ निळे पडले. श्रेयाने अँब्युलन्स बोलावली.

परळच्या छातीच्या इस्पितळात नवव्या दिवशी ती उठून बसू लागली. तिथे खिडक्या उघड्या होत्या, हवा खेळती होती, आणि हवेचं कोणी काही न करता तिचा खोकला निम्म्यावर आला होता. सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर राउंडवर आले तेव्हा वैभव औषधं आणायला खाली गेला होता. पलंगाजवळ दोघंच. डॉक्टर तरुण होते, पण नेमके होते. त्यांना कोडं पडलं होतं, की गेल्या वर्षी निदान घरात चालती-फिरती असलेली बाई दोन महिन्यांत एवढी खालावली कशी. त्यांनी कालिंदीला विचारलं, की आजी, घरात ओल आहे का? भिंतीला बुरशी, कोंदट वास, पाण्याचा कूलर, असं काही? खरं सांगा, कारण तसं असेल तर तुम्हाला तिथे पाठवताच येणार नाही.

कालिंदीने नवऱ्याकडे बघितलं नाही. तोंडावरचा मास्क तिने बोटाने बाजूला केला.

"नाही," ती म्हणाली. "घर नवीन आहे. आणि हवेचं सगळं ह्यांनी केलंय. मिलमध्ये हेच काम होतं ह्यांचं."

डॉक्टरांनी रमाकांतकडे बघितलं. "बाबा, बरोबर ना? कूलर नाही ना घरात?"

ती काळी भिंत त्याने दहा-बारा दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने पुसली होती. प्लास्टिकच्या खुर्चीवर तोंड उघडून बसलेली बायको त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. एवढंच म्हणायचं होतं, की डॉक्टर, माझ्याकडून चूक झाली. ती हे ऐकून रडली असती, मजल्यावरचे लोक दोन दिवस कुजबुजले असते, मनवा कुठेतरी हसली असती, आणि कालिंदी जगली असती. इतका साधा हिशोब होता. मेल्याच्या घशातून तेवढं निघालं नाही.

"कूलर नाही," रमाकांत म्हणाला.

त्याच्या लेखी तो कूलर नव्हताच, तो प्लँट होता. डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून सही केली.

घरी आल्यावर वैभव म्हणाला, की बाबा, थोडे दिवस हे यंत्र बंद ठेवू या का. रमाकांत म्हणाला, आईलाच विचार. वैभवने आईला विचारलं. ती म्हणाली, असू दे, त्यांनी एवढं केलंय. पलंग हॉलमध्ये हलवला होता, यंत्राच्या बरोबर समोर, म्हणजे हवा थेट लागेल. आता दार लावून ठेवायचीही गरज नव्हती. तेवढं चालायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. श्रेया रोज दुपारी यायची, दोन मिनिटं बसायची आणि उठून जायची. रमाकांत रोज सकाळी विचारायचा आणि कालिंदी रोज तेच सांगायची. पुढे पुढे ती नुसती मान हलवायची, तर त्याचंही तो बरं म्हणूनच लिहायचा. एकोणिसाव्या दिवशी तिने मानही हलवली नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि आत गारवा होता. आलेला प्रत्येक जण यंत्राखाली क्षणभर थांबायचा, वर बघायचा. हेरंबने सगळ्यांसमोर सांगितलं, की बायकोसाठी एवढं करणारा माणूस मी आयुष्यात बघितला नाही, शेवटच्या श्वासापर्यंत काकींना धुतलेली हवा मिळाली. माणसांनी माना डोलावल्या. वैभवने डोळे पुसले. रमाकांतने हात जोडले.

तेव्हा अकराव्या मजल्यावरचा धम्मपाल पुढे सरकून बसला. बिचाऱ्याला बोलायला संकोच वाटत होता. त्याची आईही वरळीच्या बीडीडी चाळीत असताना बरीच वर्षं चुलीवर काम केलेली बाई, आता तिला रात्रभर झोप लागत नाही, छाती भरून येते. डॉक्टर म्हणतात घरातली हवा सुधारा. कंपनीवाल्यांवर विश्वास बसत नाही. तो म्हणाला, की काका, आज विचारू नये, पण तुम्ही काकींसाठी केलंत तसं आईसाठी कराल का.

दाराशी उभ्या असलेल्या श्रेयाने मान वर केली आणि थेट रमाकांतकडे बघितलं. तिला घातलेली शपथ आता कालिंदीबरोबर गेली होती, पण तरीही ती गप्प राहिली. हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढी एक संधी ती त्याला देत होती. रमाकांतलाही ते कळलं. सगळी खोली त्याच्या उत्तरासाठी थांबली होती, सगळ्यांच्या नजरांत त्याच्याबद्दल आदर होता, आणि इतका आदर त्याला गिरणीतही कधी मिळाला नव्हता.

त्याने श्रेयावरची नजर काढून घेतली आणि तो धम्मपालकडे वळला.

"तुझ्या हॉलची खिडकी किती बाय कितीची आहे?" त्याने विचारलं.